पहिलं हत्यार घ्यायचंय: .32 चं रिव्हॉल्व्हर की पिस्टल? (परभणी जिल्हा)

मोंढेकरी_मानवत

नमस्कार मंडळी. मी मानवतचा. मोंढ्यात आमची आडत आहे, आजोबांपासूनची. कापूस, सोयाबीन, तूर. स्वसंरक्षणाचा परवाना मंजूर होऊन नुकताच हातात पडला. त्यावर 'रिव्हॉल्व्हर/पिस्टल, एनपीबी' (नॉन-प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी नसलेल्या मापाची नळी) असं लिहिलंय, क्षेत्र महाराष्ट्र. आता घ्यायचं काय, हे नीट कुणी सांगेना. जो तो आपलंच घोडं दामटायलाय.

कशासाठी पाहिजे ते आधी सांगतो, नाहीतर हौस म्हणाल. हंगामात परभणीच्या बँकेतून रोकड आणावी लागते. 'ऑनलाइन करा की' म्हणणाऱ्यांनी एकदा भर हंगामात आमच्या गादीवर येऊन बसावं. चुकारा रोख मिळत नाही म्हटलं की शेतकरी गाडी वळवून शेजारच्या आडतीवर लावतो. आमच्याच ओळीतल्या एकाच्या डोळ्यात तिखट टाकून बॅग नेली. दिवाळीनंतर आमच्याही गाडीमागं कोल्हा गावच्या पाटीपासून बिननंबरची मोटारसायकल लागली होती. मी ढाब्यावर गाडी घातली तर तेही लांब थांबले. ठाण्यात अर्ज दिला, परवान्याच्या फायलीत तोच कामाला आला.

आता सल्ले ऐका. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो 9 एमएमच घे, बाकी सगळी खेळणी. तो दिवसभर अमेरिकेतले व्हिडिओ बघतो. दुकानदार म्हणतो प्रबल रिव्हॉल्व्हर घ्या, नवीन आहे. संभाजीनगरच्या एका ओळखीच्यांकडं त्यांच्या वडिलांचं विलायती वेब्ली रिव्हॉल्व्हर आहे, .32 चंच, ते द्यायला तयार आहेत, पण किंमत ऐकून घाम फुटला. आणि घरची म्हणते काहीच आणू नका, पोरगी सात वर्षांची आहे.

एक गोष्ट माझी. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जिनिंगच्या पट्ट्यात सापडलं होतं. चिमटीत जोर राहिला नाही, बाटलीचं झाकण उजव्यानंच उघडतो. उजवा हात ठणठणीत. तळवा लहान आहे. आजवर बंदूक म्हणाल तर जत्रेत फुगे फोडलेत तेवढीच.

---

पैठणगेट

चुलतभावाला सांगा, 9 एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे. तुमच्या परवान्यावर ते बसत नाही, संपलं. जवळ सापडलं तर 7 वर्षांच्या कैदेपासून सुरुवात.

---

आर्मरर_अंबाजोगाई

पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळं हत्यार दाखवणारे कमी आणि बिघडवून आणणारे जास्त बघितलेत. सविस्तर लिहितो, रात्री झोप येत नाही तसाही.

पहिल्यांदा बोअरचा घोळ मिटवू. अमेरिकेतला माणूस दुकानात जाऊन 9 एमएम, .45, .38 यांतलं काय घेऊ असा विचार करतो. आपल्याकडं तो प्रश्न सरकारनं आधीच सोडवून ठेवलाय. लष्कराचं किंवा पोलिसांचं 9 एमएमचं काडतूस ज्यात बसतं ते पिस्टल, .380 आणि .455 ची जुनी सर्व्हिस रिव्हॉल्व्हरं, हे सगळं प्रोहिबिटेड. कलेक्टर ते देऊच शकत नाही. म्हणजे नवीन घ्यायचं तर सामान्य माणसाच्या वाट्याला मुख्यतः दोनच बोअर राहतात: .32 आणि .22. चुलतभावाचे व्हिडिओ बघून तुमचा काही फायदा होणार नाही, फार तर पकड कशी धरायची तेवढं बघा.

.32 म्हटलं की एकच काडतूस असं समजू नका. रिव्हॉल्व्हरचं वेगळं, पिस्टलचं वेगळं. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं, बुडाची कडा बाहेर आलेली. ते .32 स्मिथ अँड वेसन लाँग, 1896 सालचं. पिस्टलचं आखूड, कडा जेमतेम. ते ब्राउनिंगचं 7.65, 1899 सालचं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दुकानात नुसतं 'बत्तीसची द्या' म्हटलं आणि काउंटरवरचा पोरगा नवा असला की घरी येऊन डबी उघडल्यावर कळतं. डबी तिथंच उघडायची, बुडावरचा शिक्का वाचायचा. आपल्या खडकीच्या कारखान्याच्या काडतुसावर 'केएफ' असतं.

जोर किती, हे विचारणारच तुम्ही. रिव्हॉल्व्हरची .32 ची गोळी सहा-साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. 9 एमएमच्या मानानं जोर साधारण एक तृतीयांश. पिस्टलच्या .32 ची गोळी हलकी पण वेगानं जाते, जोर दोन्हीचा जवळपास सारखाच. म्हणून रिव्हॉल्व्हर की पिस्टल हे जोरावरून ठरवायचं नाही. कमी जोर म्हणून हसण्यावारी नेऊ नका. जीव घ्यायला तो पुरतो, आणि पत्र्याच्या शेडमधून आरपार जातो. तुमच्या आडतीच्या मागं हमालांची वस्ती असेल तर हे पक्कं ध्यानात ठेवा.

.22 सोडा. इशापूरच्या कारखान्याचं निडर रिव्हॉल्व्हर 250 ग्रॅमच्या आसपास आहे, खिशात कळतही नाही. पण .22 च्या काडतुसात बार पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यात फुसका निघण्याचं प्रमाण मधल्या टोपीच्या काडतुसापेक्षा जास्त. सरावाला छान. पहिलं आणि एकुलतं एक हत्यार म्हणून मी देणार नाही.

आता तुमचा डावा हात. इथंच निकाल लागतो. पिस्टलची पहिली गोळी नळीत आणायला वरची स्लाइड मागं ओढून सोडावी लागते, आणि ती ओढायची डाव्या हाताच्या चिमटीनं. स्प्रिंग चांगली कडक असते. घाम आलाय, हात थरथरतोय, त्यात तुमच्या दोन बोटांत जोर नाही. स्लाइड अर्धी ओढून सुटली की काडतूस मध्येच अडकतं. ते काढायला पुन्हा तोच हात. मग लोक काय करतात, नळीत गोळी भरूनच कमरेला लावतात. नवख्यानं ते करायचं नाही, मी माझ्या पोरालाही करू दिलं नाही.

रिव्हॉल्व्हरला ही भानगड नाही. सहा गोळ्या भरल्या, सिलिंडर बंद केलं, चाप ओढला की सुटली. फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढा, पुढचं भोक समोर येतं. डाव्या हाताचं काम फक्त भरताना. पिस्टल चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही, मॅगझीन झटकन बदलता येतं, हे सगळं खरं. पण तुम्हाला मॅगझीन बदलायची वेळ आली तर बॅग देऊन टाकलेली बरी.

कानपूरचं जुनं .32, मार्क 3, मधून मोडून उघडतं, बंदुकीसारखं. उघडताच उडालेल्या काडतुसांची रिकामी टोपणं आपोआप वर येतात. वजन 700 ग्रॅमच्या आसपास, नळी आखूड. निर्भीक त्याचाच हलका भाऊ. प्रबल 2023 ला आलं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, नळी मात्र मार्क 3 एवढीच.  तुमचा तळवा लहान म्हणता, म्हणून मूठ हातात धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बघायचं काय? हत्यार रिकामं आहे हे स्वतः उघडून बघा, दुकानदारानं सांगितलं म्हणून नाही. मग भिंतीकडं तोंड करून, त्याची परवानगी घेऊन, घोडा (मागची हातोडी) न चढवता नुसता चाप ओढा. त्याला डबल ॲक्शन म्हणतात. जड लागतो. तर्जनीचं पहिलं पेर चापावर नीट बसतंय का, ओढताना नळीचं टोक डावीकडं झुकतंय का, हे बघा. झुकत असेल तर मूठ मोठी पडतेय. घोडा चढवून ओढला की चाप हलका लागतो आणि सगळेजण 'वा' म्हणतात. दुकानदार तसंच दाखवतो. रस्त्यावर घोडा चढवायला कुणी वेळ देत नाही.

वेब्लीबद्दल. बाहेरची हत्यारं मागवणं 1980 च्या दशकात बंद झालं, म्हणून जुन्याला सोन्याचा भाव. माल चांगला असतो यात वाद नाही. पण घ्यायचंच असेल तर उघडून नळीच्या मागच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा आणि पुढून बघा. आतले पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, कडेला धारदार दिसले पाहिजेत. काळे डाग, खड्डे दिसले तर गंज. मग बंद करून घोडा सावकाश चढवा, सिलिंडर टक्क करून जागेवर बसलं पाहिजे. बसल्यावर दोन बोटांनी हलवून बघा. खडखड हलत असेल तर भोक आणि नळी एका रेषेत येत नाही, गोळी कडेला घासून शिसं उडतं. असली हत्यारं मी शोकेसमध्ये ठेवण्याजोगी म्हणतो. सुटे भाग मिळत नाहीत, खराद्याकडून पिन घडवून घेतलेलीही बघितलीत. शिवाय विकणाऱ्यानं लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं, मगच देवाणघेवाण.

माझ्या मते मार्क 3 किंवा प्रबल. हातात जे बसेल ते.

---

डॉक्टरबाई_उदगीर

आर्मररकाकांशी सहमत, एका गोष्टीत भर घालते. माझ्याकडं निर्भीक आहे. 2014 ला निघालं तेव्हा 'बायकांसाठी हलकं रिव्हॉल्व्हर' म्हणून पेपरात फार गाजलं. 500 ग्रॅम वजन, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. हलकं म्हणजे सोपं असा समज करून घेऊ नका. हत्यार जितकं हलकं तितका झटका हाताला जास्त लागतो आणि चाप तर तेवढाच जड राहतो. तुमच्यासारखं कमरेला लावून गाडीत बसायचं असेल तर 200 ग्रॅम वाचवण्यात अर्थ नाही. मी दवाखान्यातून रात्री एकटी येते म्हणून घेतलं, आणि सुरुवातीला पर्समध्ये टाकत होते. पर्समध्ये लिपस्टिक, किल्ल्या, स्टेथो, सगळ्याखाली ते. आता होल्स्टर.

सरावाला .177 चं एअर पिस्टल आणा. 20 ज्यूलच्या आत असलं की परवाना लागत नाही. घरच्या गच्चीवर मागं जाड लाकडी फळी लावून मारते. झटका नसतो, पण चाप न हिसकता ओढायची सवय त्यातच लागते. खऱ्या हत्यारात डमी राऊंड (बार नसलेली खोटी काडतुसं) भरून कोरडा सराव वेगळा. खरी काडतुसं रायफल क्लबच्या रेंजवरच. शेतात जाऊन बाभळीवर नेम धरणारे माझ्या माहितीत आहेत, त्यातल्या एकाच्या आवाजानं शेजारच्यानं ठाणं गाठलं आणि पुढं वर्षभर खेटे.

खर्चाचं बघून ठेवा. रिव्हॉल्व्हर-पिस्टलवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 चा 40 टक्के झालाय. दुकानदार जुना भाव सांगून मग वरून लावतो.

---

वकील_खंडपीठ

घ्यायच्या आधी एक बसकण कायद्याची करून घ्या, नंतर माझ्याकडं येण्यापेक्षा बरं.

भारतीय न्याय संहितेचं कलम 34 ते 44 हे खासगी बचावाचं. रॉबरी, म्हणजे तिखट टाकून, चाकू दाखवून लुटणं, यात मालमत्तेच्या बचावासाठी समोरच्याचा जीव गेला तरी संरक्षण मिळू शकतं, कलम 41. साध्या चोरीत नाही, जोवर जिवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती वाजवी नाही. आणि कलम 37 ची अट सगळ्यांच्या डोक्यावर आहे: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडं जायला वेळ होता तर हा हक्कच उरत नाही.

मोंढेकरी, तुमच्या केसमध्ये फसायची जागा सांगतो. ते बॅग घेऊन मोटारसायकलवर बसले, पाठ केली, आणि तुम्ही मागून गोळी घातली. आता भीती संपलेली आहे. पाठीत लागलेली गोळी शवविच्छेदनात पहिल्या ओळीत येते. कोर्टात तेव्हाची तुमची मनःस्थिती मी कितीही रंगवून सांगितली तरी ती ओळ खोडता येत नाही. बॅगेचा विमा काढा. रोकड वाहतुकीचा विमा मिळतो, त्याचा हप्ता जामिनाच्या खर्चापेक्षा कमी असतो.

गोळी सुटली, कुणाला लागो न लागो, 112 ला आधी तुमचा फोन गेला पाहिजे. हत्यार तिथंच खाली, टोपणं गोळा करायची नाहीत.

आणखी दोन बारीक गोष्टी. परवाना तुमच्या नावचा, म्हणून हत्यार तुमच्याच ताब्यात. 'मी मुंबईला चाललो, धाकट्याकडं ठेवतो' हे चालत नाही. लग्नात, वरातीत, सत्कारात हवेत उडवलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडं वरातीत कुणीतरी मामा 'एक तरी होऊन जाऊ द्या पाव्हणं' म्हणतोच. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत 3 ची 5 वर्षं केली आणि एका माणसाला जास्तीत जास्त 2 हत्यारं.

---

केजकर_गुरुजी

मी बीड जिल्ह्यातला, म्हणून बोलतो, राग मानू नका. इथं कमरेला हत्यार म्हणजे पुढारीपणाची निशाणी झाली होती. रील काढून टाकणारे, चहाच्या टेबलावर काढून ठेवणारे. मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली डिसेंबर 2024 मध्ये, आणि त्यानंतर परवान्यांची झाडाझडती सुरू झाली. कित्येक रद्द झाले. त्यात गुन्हे दाखल असलेलेही होते. तुमचं खरं कारण असेल, पण आता तपासणीत तुमचीही फाईल त्याच गठ्ठ्यात येते.

दुसरं, निवडणूक. आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. छाननी समिती ठरवते, सगळ्यांनाच करावं लागत नाही, पण नोटीस आली तर ठाण्यात पावती घेऊन ठेवावं लागतं. आपल्याकडं निवडणुका नेमक्या कधी येतात? कापूस-सोयाबीनच्या तोंडावर. म्हणजे रोकड आणायच्या दिवसांतच हत्यार ठाण्यात, आणि 50,000 च्या वर रोकड सापडली तर कागद दाखवा. तेव्हा काय करणार हा विचार आजच करा. दोन गाड्या, वेळ बदलणं, बँकेत दिवस बदलणं, ड्रायव्हरला आदल्या रात्री न सांगणं. माझ्या मेव्हण्याची आडत आहे, तो ड्रायव्हरला निघताना सांगतो, परभणी की सेलू.

---

मोंढेकरी_मानवत

सगळ्यांचे आभार. गुरुजी, राग कसला. ड्रायव्हरचा मुद्दा डोक्यात बसला. आमच्याकडं आदल्या दिवशी संध्याकाळी चहाच्या टपरीपर्यंत बातमी जाते, 'उद्या शेठ परभणीला' म्हणून.

वेब्लीवाल्यांना 'नको' म्हणून कळवलं. पिस्टल बाद. दुकानात मार्क 3 आणि प्रबल दोन्ही धरून बघणार आहे, काकांनी सांगितलं तसं घोडा न चढवता. विम्याचं उद्याच एजंटाला विचारतो.

राहिला प्रश्न घरचा. बायको म्हणते पोरीला कळूच द्यायचं नाही. मला वाटतं ती शोधणारच, साखरेचा डबा माळ्यावर ठेवला तरी शोधते. तिजोरी आहे, पण तिची किल्ली देवघरात असते, सगळ्यांना माहीत. आणि परवान्यावर हत्यार चढवायचं कुठं, कलेक्टर ऑफिसात की ठाण्यात?

---

आर्मरर_अंबाजोगाई

आधी कलेक्टर ऑफिस, गृह शाखा. हत्यार, बिल, मूळ परवाना घेऊन जा, नंबर चढवून घ्या, मग तुमच्या ठाण्यात दाखवून नोंद करा. काडतुसं किती घेता येतात ते परवान्यावर लिहिलेलं असतं, दुकानदार प्रत्येक खरेदी मागच्या पानावर चढवतो. ते पान दर वेळी वाचायचं, आकडे चुकवतात.

जिची किल्ली देवघरात असते ती तिजोरी नको. लहान स्टीलची पेटी घ्या, आकड्याच्या कुलुपाची, आणि कपाटाच्या आत भिंतीला बोल्ट मारून बसवा. नुसती ठेवलेली पेटी चोर अख्खी उचलून नेतो. आकडा पोरीची जन्मतारीख नको, तो तिलाच पहिला सुचेल. आत हत्यार रिकामं, सिलिंडर उघडून. काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. रोकड आणायच्या दिवशी सकाळी भरायचं, घरी परत आल्यावर चप्पल काढायच्या आधी रिकामं करायचं. कोपऱ्यात एक वाळूची बादली ठेवा, भरताना-काढताना नळी त्या बादलीकडं. चुकून सुटली तर वाळूत जाईल. मुख्यालयात आमच्याकडं अशी वाळूची पेटी होती, आणि तिच्यात गोळ्या सापडायच्या.

पोरीपासून लपवू नका. घरात वस्तू आहे, बाबांची आहे, दिसली तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची, एवढं तिला सांगायचं. एकदा तिच्यासमोर रिकामं करून, उघडून, लांबून दाखवा. बघून झालं की तिची निम्मी उत्सुकता जाते. बायकोलाही रिकामं आहे की भरलेलं हे ओळखता आलं पाहिजे, चालवता नाही आलं तरी.

दुकानात जाऊन आलात की लिहा, प्रबलची मूठ तुमच्या तळव्याला कशी बसली ते. माझा हात मोठा आहे, मला लहान हाताचा अंदाज येत नाही.